आठ नंबरसमोरची रिकामी जागा

रविवार, १६ फेब्रुवारी १९९२. सकाळी साडेदहा. दवाखान्याचा खालचा व्हरांडा.

हजर: ट्रस्टचे अध्यक्ष, दोन विश्वस्त. निवृत्त मोठे डॉक्टर, काठी घेऊन. सध्याच्या तीन नर्स, त्यांतल्या दोघी ड्यूटीतून दहा मिनिटं काढून आलेल्या. तुमची धाकटी बहीण वसुधा आणि तिचे यजमान. कुंभवलीच्या कारखान्यांतले चार कामगार, ज्यांचं रक्त तुम्ही सुट्टीच्या दिवशी तपासून द्यायचात. शेजारपाजार. मी. एकूण सव्वीस माणसं, खुर्च्या चाळीस.

गैरहजर: सातपाटीची एकूण एक बाई.

का, म्हणून मी ऑफिसात विचारलं. क्लार्क म्हणाला, "मॅडम, सातपाटीला एकतीस पोस्टकार्डं टाकली की. रक्तदात्यांच्या फलकावरची नावं बघून." फलकावरची नावं! त्यांतले निम्मे पुरुष वारले, उरलेले समुद्रावर होते. वीस वर्षांनी, इंदूताई, तुमच्या शोकसभेचा निरोपसुद्धा माझ्या त्याच चुकीच्या यादीनं चुकीच्या पत्त्यावर नेला.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. रडून झालेलं नाही, पण त्याला वेळ नंतर देईन. आधी सभेचा वृत्तांत.

अध्यक्ष सहा मिनिटं बोलले. तुम्ही "मनमिळाऊ" होतात म्हणे. मनमिळाऊ! हात धुतल्याशिवाय प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्या दोन डॉक्टरांना तुम्ही दाराबाहेर उभं केलं होतंत, आणि एकाला नखं कापायला परत पाठवलं होतंत. पुढे ते म्हणाले, "एकाहत्तरच्या युद्धात आपल्या दवाखान्यानं केलेल्या ऐतिहासिक कार्यात इंदूताईंनी मोठ्या डॉक्टरांना मोलाची साथ दिली." साथ. मी मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. ते तरी बरं झालं.

मग शेवटी घोषणा. दवाखान्याची रंगरंगोटी चालू आहे, जुना संगमरवरी फलक तडकलाय, त्या जागी नवा काळा दगड बसवायचा. कोरणाऱ्याला नावं एक मार्चला हवीत. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "शालिनीबाई, जुनीच यादी उतरवून द्या. फक्त ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघा."

मी उभी राहिले. म्हटलं, "ती यादी चुकीची आहे."

"वीस वर्षांत कुणाची तक्रार आली नाही."

"माझी तीन पत्रं आहेत. आवक नंबर सांगू?"

"अहो, आज हा विषय नको. प्रसंग काय आहे!"

प्रसंग काय आहे हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तो विषय हवा होता. पण वसुधानं माझा पदर ओढला आणि मी बसले. एवढंच ठरलं, की एक मार्चपर्यंत मी दुरुस्त यादी दिली तर ती कोरतील. नाहीतर जुनीच.

चौदा दिवस उरलेत. म्हणून हे सगळं पुन्हा एकदा क्रमानं मांडतेय. तुमच्यासमोर, कारण ज्यांच्यासमोर मांडायला हवं होतं त्यांच्यासमोर आजवर जमलेलं नाही.

एकाहत्तर साली मी चोवीस वर्षांची, तुमच्या प्रयोगशाळेत लिखापढीच्या कामाला. टायपिंग पास, अक्षर चांगलं, आणि तेवढ्यावर स्वतःला फार हुशार समजणारी. युद्ध होणार हे नोव्हेंबरातच सगळ्यांना कळून चुकलं होतं. तारापूरला नवी अणुभट्टी, त्यामुळे आपल्या भागात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय. भट्टीलगतच्या घिवलीचे लोक खिडक्यांना काळे कागद लावत होते. पालघर गावात नागरी संरक्षणाची समिती झाली. समितीनं ठराव केला, की रक्तदात्यांची यादी हवी, "तरुण, धडधाकट पुरुषांची".

तुम्ही विचारलंत, "आणि वेळ येईल तेव्हा हे पुरुष असतील कुठे?"

पालघरचे नोकरदार दिवसभर मुंबईत. डोंगराकडचे लोक मजुरीला बाहेर गेलेले. सातपाटीचे पुरुष आठ-आठ दिवस दर्यावर. तुम्ही म्हणालात, "बायका मात्र सापडतात. बोटी किनाऱ्याला लागतात तेव्हा तिथे, नंतर बाजारात. रोज त्याच वेळी, त्याच जागी."

समितीचे चिटणीस हसले. मोठे डॉक्टर म्हणाले, "बायकांच्या अंगात आधीच रक्त कमी. त्यांचं काय काढणार?"

"कमी आहे की नाही ते बघू की. अंदाजानं कशाला बोलायचं?"

हा तुमचा एकच सूर. आधी बघू. त्या वाक्यानं तुम्ही नोकरीत किती शत्रू केलेत त्याचीही माझ्याकडे यादी आहे.

दवाखान्याचा फ्रिज वीज गेली की बंद पडायचा. गट तपासायच्या औषधाच्या बाटल्या थंड ठेवायला हव्यात, तर तुम्ही सातपाटीच्या बर्फाच्या कारखान्यात गेलात, कोळणीची टोपली मागून घेतलीत आणि बर्फात बाटल्या पुरल्यात. ते दृश्य बघून किनाऱ्यावर जी गर्दी झाली!

"काय गो बाय, टोपलीत काय आणलास?"

"रक्ताचा गट तपासायचं औषध."

"आमच्याच टोपलीत, आमच्याच बर्फात? मासली असती तर एवढ्यात इकली असती."

तुम्ही आधी स्वतःचं बोट टोचलंत. काचपट्टीवर स्वतःचं रक्त, स्वतःचा माहीत असलेला गट, औषध बरोबर चालतंय याची खात्री. प्रत्येक नव्या टोपलीला, नव्या बर्फाला पुन्हा एकदा. त्या आठवड्यात तुमच्या दहाही बोटांना भोकं होती. हे कुठल्या भाषणात आलं? कुठल्याच नाही.

मग मोरचुदाचं निळं पाणी. त्यात रक्ताचा थेंब सोडायचा. खाली गेला तर रक्त दाट, बाई देऊ शकते. वर राहिला तर नाही. पहिल्या बाईचा थेंब सरळ तळाला गेला आणि मी आनंदानं ओरडले, "बुडाला!"

एक म्हातारी पुढे आली. "पोरी, मरद दर्यावर हायेत. ह्यो शबुद इथं बोलायचा नाय."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तुम्ही मात्र म्हातारीला शांतपणे विचारलंत, "मग काय म्हणू?"

म्हातारीनं ग्लासात निरखून पाहिलं. "नांगर टाकल्यावानी जातंय. नांगर पडला म्हना."

झालं! पुढचे चार दिवस किनाऱ्यावर तोच खेळ. थेंब खाली गेला की सगळ्याजणी एका आवाजात, "नांगर पडलाऽ!" आणि कुणाचा वर राहिला की चिडवणं, "हिचा अजून तरंगतंय गो, हिला बोंबील घाला!" ज्यांचे थेंब वर राहिले त्यांची तुम्ही वेगळी वही केलीत. मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ती आपटून लोहाच्या गोळ्या मागितल्यात, आणि मिळेपर्यंत रोज दारात उभ्या राहिलात. युद्ध तेरा दिवसांत संपलं. ती गोळ्यांची वही तुम्ही निवृत्त होईपर्यंत चालू होती.

रक्त देऊ शकतील अशा एकतीसजणी निघाल्या. "अंगात रक्त कमी" असलेल्या बायकांमधून एकतीस!

आता चूक.

वही माझ्या हातात होती. मी पहिलीला विचारलं, "नाव?"

"दर्यामोती."

"तुमचं नाव दर्यामोती?"

"माझा नाय गो! बोटीचा. बोटीचा लिव, सगल्यांना समजते."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही वर न बघता म्हणालात, "लिही लवकर. बर्फ वितळतोय." म्हणून वहीत असं पडलं: नंबर, बोट, गट. तुम्ही नंतर कायम म्हणायचात, की निम्मी चूक तुमची. मला ती वाटणी मान्य नाही. तुम्ही घाईत होतात. मी मात्र दुसऱ्या दिवशी टेबलाशी निवांत बसून पुढची चूक केली. समितीच्या छापील तक्त्यात रकाना होता, 'कुटुंबप्रमुखाचे नाव'. तुम्ही दांडी गावी तपासणीसाठी गेला होतात. मी मच्छीमार सोसायटीत गेले, बोटींच्या नावांवरून मालकांची नावं काढली आणि एका दुपारी एकतीस पुरुषांची देखणी यादी तीन प्रतींत टाइप केली. एकही खाडाखोड नाही. चिटणीस म्हणाले, "याला म्हणतात काम!" मी दोन दिवस फुशारले होते.

आठ नंबर: हरेश्वर. सातपाटी. बी निगेटिव्ह. एकतीसांत निगेटिव्ह तेवढा एकच.

डिसेंबरात, युद्ध चालू असताना, पहाटे बोईसर रस्त्यावर पहाऱ्याच्या तुकडीचा ट्रक उलटला. दिव्यांना काळा कागद, समोरचं वळण दिसलं नाही. एका जवानाची मांडी फाटली होती. सकाळी आठला त्याला आपल्याकडे आणलं तेव्हा रक्तानं भिजलेली चादर उचलवत नव्हती. तुम्ही गट काढलात, बी निगेटिव्ह, आणि मी अभिमानानं यादी पुढे केली. जीप सुटली. सातपाटीला जाऊन यायला पाऊण तास गेला. हरेश्वर घरीच होता, त्या दिवसांत लांब जायला मनाई होती म्हणून. जाळं विणता विणता तसाच उठून आला बिचारा, आणि काही न विचारता कॉटवर आडवा झाला.

मोठे डॉक्टर म्हणाले, "लावा बाटली."

तुम्ही म्हणालात, "आधी थेंब."

"यादीत गट लिहिलाय ना? जवान चाललाय तिकडे!"

"यादीत लिहिलंय म्हणून मी कुणाच्या शिरेत काही सोडणार नाही. चार मिनिटं द्या."

चिटणीस दारातून ओरडले, "बाई, हे देशाचं काम आहे!" तुम्ही मानसुद्धा वळवली नाहीत. तुमचे हात बघत होते मी. काचपट्टीवर जे दिसत होतं ते मलाही तोवर वाचता यायला लागलं होतं. ए पॉझिटिव्ह.

हरेश्वर आमची तोंडं बघून उठून बसला. "अवो बाय, तुमी माझा कधी काढलाच नाय. माझ्या बायकोचा काढला व्हता. ती बाजारात हाय, पालघरच्या."

पालघरच्या बाजारात! दवाखान्यापासून चालत सात मिनिटं! जीप तिच्यासमोरून सातपाटीला गेली होती आणि तिच्यासमोरूनच परत आली होती.

मी धावले. बोंबलाच्या ढिगामागे ती बसली होती, तिसऱ्या ओळीत. मी धापा टाकत काय बोलले ते आठवत नाही. तिनं पदर झटकला आणि शेजारणीला सांगितलं, "गो, माझ्या टोपलीवर बघ. मी रगत देऊन येते." नळावर पाणी भरायला जावं तसं. कॉटवर पडल्यावर तुम्हालाच म्हणाली, "आधी माझा नांगर टाका." निळ्या पाण्यात थेंब सरळ तळाला गेला. तिच्या दंडाला पट्टा बांधताना तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. तुम्ही नाही म्हणाल. होतं.

बाटली भरल्यावर तुम्ही तिला वीस मिनिटं उठू दिलं नाहीत. ती कुरकुरत होती, "माझा माल सुकंल वो!" आणि हरेश्वर म्हणाला, "सुकेच बोंबील हायेत गो, आनखी काय सुकतील?" त्या खोलीत त्या दिवशी आपण हसलो, इंदूताई. दुपारी जवानाला मुंबईला हलवलं तेव्हा तो शुद्धीवर येऊन पाणी मागत होता.

त्या जवानाचं नाव रजिस्टरात आहे. वडिलांच्या नावासकट. जीपच्या ड्रायव्हरचंही आहे. डॉक्टरांची सही आहे. दात्याच्या रकान्यात, कुणाच्या हातचं ते विचारू नका, 'हरेश्वर (पत्नी)' असं आहे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण ते मला रोज आठवतं. नंतरचा तो समारंभ. फलकावर डॉक्टर, समिती, खाली एकतीस पुरुष. तुमचं नाव नाहीच. हरेश्वरला प्रशस्तिपत्र द्यायला वर बोलावलं तर तो माइकसमोर म्हणाला, "मी नाय दिला. हिनं दिला." व्यासपीठावरून उत्तर आलं, "अहो, नवराबायको काय वेगळी असतात!" हशा. टाळ्या. मीही टाळ्या वाजवल्या. हे मी तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

तुम्ही समारंभ अर्धा सोडून प्रयोगशाळेत गेला होतात. मी मागून आले आणि म्हटलं, जाऊ द्या, दगडावरच्या नावांनी काय होतं. तुम्ही सूक्ष्मदर्शकातून डोळा काढलात. "यादीत गट चुकीचा असता तर रक्त चढवलं असतंस?"

"नाही."

"मग नाव चुकीचं कसं चालतं? दुरुस्त कर."

एवढंच. ओरडला असतात तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हापासून आपलं एक भांडण राहून गेलं ते गेलंच. मी म्हणायची, दुरुस्त यादीच्या वर पहिलं नाव तुमचं. तुम्ही म्हणायचात, "माझं नको. मी पगारावर होते."

"मोठे डॉक्टरही पगारावरच होते!"

यावर तुम्ही काचपट्ट्या पुसायला लागायचात. प्रत्येक वेळी! ताई, मला अध्यक्षांचा राग आहे, चिटणिसांचा आहे, माझा स्वतःचा तर आहेच, पण तुमच्या त्या काचपट्ट्या पुसण्याचाही आहे. ज्यांना तुमचं नाव नको होतं त्यांचं निम्मं काम तुम्हीच करून दिलंत. यावेळी मी तुमचं ऐकणार नाही. पहिलं नाव तुमचंच जाणार. या मुद्द्यावर भांडायला तुम्ही नाही आहात, आणि तुम्ही नसताना असं जिंकणं मला आवडलेलं नाही.

बाकी यादीचं काम आपण मिळून केलं. किती रविवार सातपाटीच्या बसमध्ये गेले! बोटी विकलेल्या, घरं वाटली गेलेली, कुणी सून वारलेली, कुणी माहेरी. तरी नावं मिळत गेली. जानकी. धनुबाई. नमी. काशीबाई, जिनं नाव विचारल्यावर लाजून तोंडावर पदर घेतला आणि मग तीनदा सांगितलं, नीट लिही म्हणून. भेटेल त्या प्रत्येकीला तुम्ही पुन्हा टोचून गट ताडून पाहायचात. तीस झाली. आठ नंबर तुम्ही माझ्यावर सोपवलात, कारण ती पालघरच्या बाजारातच बसते आणि मी दर मंगळवारी तिच्याकडूनच मासळी घेते. दोन मिनिटांचं काम.

ते मी केलेलं नाही.

गेल्या महिन्यात तुमच्या उशाशी बसले होते तेव्हा तुम्ही विचारलंत, "शालू, आठ नंबर?"

मी म्हटलं, "झाला."

"नाव काय?"

तेवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली आणि मी सुटले. ती गेल्यावर तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "तपासून घे." तुम्हाला कळलं होतं का? ते मला आता कुणाला विचारता येणार नाही.

सबब नाही देत, कारण सांगते. पहिली काही वर्षं लाज. तिला मी मावशी म्हणते, ती मला यादीवाली म्हणते. जिच्या हातचे बोंबील आणि पापलेट इतकी वर्षं खाल्ले तिला 'तुमचं नाव काय' असं आता कुठल्या तोंडानं विचारू? मग तीन वर्षांपूर्वी हरेश्वर गेला. पुढच्याच मंगळवारी ती पांढऱ्या कपाळानं टोपलीमागे बसलेली. म्हणाली, "दवाखान्यात दगडावर त्याचा नाव हाय, तेवढा बरा वाटते गो. जाता येता बघते." आता माझी दुरुस्ती म्हणजे त्या बाईनं जपलेलं तिच्या नवऱ्याचं नाव पुसणं. तेही तिच्याच नावासाठी. तिला काय हवं हे तिला विचारायला हवं, मी अंदाजानं ठरवायचं नाही, हे मला समजतं. तुमच्याच हाताखाली शिकलेय. पण माझ्या एका दुपारच्या नीटनेटक्या टायपिंगनं तिच्यावर हे आणलं, ते कबूल केल्याशिवाय प्रश्नच विचारता येत नाही.

रविवारी इथवर लिहून थांबले होते. आज मंगळवार, १८ फेब्रुवारी. सकाळी नऊला बाजारात गेले. पिशवीत वही आणि पेन, दोन्ही वरच ठेवलेली.

मावशीनं मला बघितल्याबरोबर विचारलं, "ती रगतवाली बाय गेली, खरा काय?"

"हो मावशी. दोन आठवडे झाले."

"मना कुणी सांगला नाय." तिनं सुरी बाजूला ठेवली. "मी आली असती. सगल्या आलो असतो. टेम्पो करून आलो असतो."

पोस्टकार्ड तिच्या घरी पोचलं असणार. हरेश्वरच्या नावानं. कुणी वाचलं नसणार.

तिनं बोंबील मोजून टाकले, वर आणखी एक मूठ टाकली. मग पिशवी माझ्या हातात देता देता थांबली.

"तिचा नाव काय व्हता गो? आमी नुसती बायच म्हनायचो."

"इंदू."

"इंदू," ती म्हणाली. एकदा मोठ्यानं, एकदा हळू.

तीच वेळ होती. एवढं सोपं ते कधीच झालं नव्हतं. वही वरच होती. मी पिशवी घेतली, "येते मावशी" म्हटलं आणि घरी आले.

बोंबील निवडून ठेवलेत. यादी समोर आहे. वर तुमचं नाव, खाली तीस. पुढचा मंगळवार २५ तारखेला, एक मार्चच्या आधी तोच शेवटचा.

आठ. बी निगेटिव्ह. सातपाटी. नाव: